राऊटरमधील खिंडार : दोष कोणाचा, भुर्दंड कोणाला?

(आसेगाव, जि. वाशिम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनचा भाव, तुरीची खरेदी, पांदण रस्ते हे प्रश्न समोर असताना राऊटर नावाच्या एका प्लास्टिकच्या डबीवर अभ्यासवर्ग खर्ची का घालावा, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या कोणत्याही गावाच्या सेवा केंद्रात मिळते. २०२३ च्या खरिपात राज्य शासनाने एक रुपयात पीकविम्याची योजना आणली (२०२५ मध्ये ती गुंडाळली गेली), तेव्हा शेतकऱ्यांच्या रांगा तहसील कचेरीपुढे नव्हे, तर या केंद्रांपुढे लागल्या. सातबारा, आधार क्रमांक, बँकेचे खाते, असे जे काही शेतकऱ्यापाशी आहे ते याच डबीतून बाहेर जाते आणि शासनाचा होकार-नकार याच डबीतून आत येतो. कचेरीच्या दाराला कुलूप आहे की नाही, हा जर सार्वजनिक प्रश्न असेल, तर या डबीच्या दाराचाही तो आहेच.

आता दोष कोणता, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण न समजलेल्या गोष्टीवर काढलेले मोर्चे फार दूर जात नाहीत. राऊटर हा वस्तुतः एक लहानसा संगणक आहे. त्याची व्यवस्था पाहण्यासाठी त्याच्या आत एक पान असते. त्या पानावर रकाने असतात: कोणत्या देशात वापर आहे, घड्याळाची वेळ कोठून घ्यायची, अमुक पत्त्यापर्यंत जोडणी पोहोचते का. रकान्यात भरलेला मजकूर राऊटर आपल्या आतील कारभाऱ्याकडे देतो आणि कारभारी हुकूम बजावतो. बाजार समितीतील एखाद्या अडत्याच्या मुनिमाला सांगून ठेवले आहे की, चिठ्ठीवर जे लिहिले असेल ते पाहून पावती फाडावी. एके दिवशी चिठ्ठीवर येते, ‘अमुक शेतकरी, दहा पोती, आणि गोदामाची किल्ली चिठ्ठी आणणाऱ्यास द्यावी.’ मुनीम पहिल्या अर्ध्या भागाची पावती फाडतो आणि दुसऱ्या अर्ध्याप्रमाणे किल्लीही देऊन टाकतो. नाव कोठे संपले व हुकूम कोठे सुरू झाला, हे पाहण्याची त्याला शिकवणच नाही. राऊटरच्या बाबतीत नाव आणि हुकूम यांच्यामध्ये एखादा अर्धविराम पुरतो. याला तंत्रज्ञ ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात. राऊटरमधला हा कारभारी बहुधा सर्वाधिकारी असतो, त्याच्या वर कोणी नसते. त्यामुळे एकदा किल्ली गेली की सर्व गेले. अनेक प्रकरणांत तर हा रकाना भरण्यासाठी पासवर्डही लागला नाही.

हा दोष नवा मुळीच नाही. १९९६ साली ‘पीएचएफ’ नावाच्या, टेलिफोनची यादी दाखविणाऱ्या एका क्षुल्लक कार्यक्रमात तो सापडला आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील केंद्राने त्याविषयी जाहीर इशारा दिला. त्यावरचा उपायही तेव्हापासून ठाऊक आहे. बाहेरून आलेला मजकूर कारभाऱ्याच्या हाती हुकूम म्हणून देऊच नये. देशाचे नाव दोन अक्षरांचे असेल तर दोनच अक्षरे स्वीकारावीत. याला संशोधन लागत नाही, भांडवल लागत नाही; लागते ती काळजी. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये टोरोंटो येथील स्पर्धेत टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स-२१ या लोकप्रिय राऊटरमध्ये नेमका देशाच्याच रकान्यात हा दोष दाखविण्यात आला. कंपनीने मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती काढली. एप्रिलमध्ये ‘मिराई’ या कुप्रसिद्ध टोळधाडीने त्याच रकान्यातून घरोघरीचे राऊटर ताब्यात घेण्यास सुरुवात केली. दुरुस्ती निघाली होती हे खरे, पण ती डबीपर्यंत पोहोचवायची कोणी?

एवढ्या जुन्या दोषाने इतकी वर्षे जिवंत का राहावे, याचे कारण राऊटर तयार होण्याच्या पद्धतीत आहे. खोक्यावर ज्या कंपनीचे नाव असते तिने आतील आज्ञावली पूर्णपणे स्वतः लिहिलेली असतेच असे नाही. चिप बनविणारी कंपनी चिपेसोबत तयार आज्ञावली देते, कारखानदार ती घेतो, वर आपला रंग चढवितो आणि माल बाजारात सोडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिअलटेक या चिप कंपनीच्या अशाच एका आज्ञावलीतील दोष जर्मनीतील संशोधकांनी उघड केले, तेव्हा किमान ६५ उत्पादकांचा माल त्यात सापडला. ग्राहक दुकानात ज्यांना एकमेकांचे स्पर्धक समजून तुलना करीत होता, त्यांच्या पोटात एकच खोट होती! आणि २०२२ च्या अखेरपर्यंत त्यांपैकी एका दोषाचा फायदा घेण्याचे १३ कोटींहून अधिक प्रयत्न एकट्या एका सुरक्षा कंपनीच्या नोंदीत आले. शंभर-दोनशे रुपयांच्या नफ्यावर विकलेल्या डबीची पाच वर्षे देखभाल करणे कोणत्याही कारखानदाराच्या हिशेबात बसत नाही. तो पुढच्या वर्षी नवा नमुना काढतो व जुन्याला ‘कालबाह्य’ ठरवून मोकळा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये झायझेल कंपनीने आपल्या जुन्या नमुन्यांतील अशाच दोषावर ग्राहकांना दिलेला सल्ला एवढाच होता की, नवे उपकरण घ्या. उलट टीपी-लिंकने विक्री बंद झालेल्या दोन नमुन्यांसाठीही दुरुस्ती काढली. म्हणजे ‘आता काही करता येत नाही’ हे उत्तर तांत्रिक नाही, ते व्यापारी आहे.

हल्लेखोर कोण असतात, याविषयीही भाबडेपणा नको. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी बंद पडली. वेळ कोठून घ्यायची त्या रकान्यात हुकूम घुसविण्याचा तो प्रयत्न होता. जर्मन राऊटर शरण गेले नाहीत, पण त्या माऱ्याने कोलमडले. त्यामागच्या ब्रिटिश तरुणाला जर्मनीत व पुढे जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये शिक्षा झाली, तेव्हा उघड झाले की लायबेरियातील एका दूरसंचार कंपनीतील अधिकाऱ्याने प्रतिस्पर्धी कंपनी बंद पाडण्यासाठी त्याला पैसे दिले होते. दोन कंपन्यांची बाजारपेठेसाठी लढाई आफ्रिकेत, आणि टेलिफोन बंद पडतो तो जर्मनीतल्या पेन्शनरचा. राज्यसंस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने सांगितले की, चीनच्या शासनाशी संबंधित गटाने तेथील लहान कचेऱ्यांतील कालबाह्य राऊटर आड म्हणून वापरले होते. बड्यांच्या भांडणात गरिबाचे अंगण वापरण्याची ही रीत जुनीच आहे.

आपल्याकडील मोठा प्रसंग जुलै २०१७ चा. भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एकाएकी निकामी होऊ लागले. वृत्तांत दिलेला आकडा ६० हजारांवर होता. येथे दोष अगदी तोच नव्हता. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नव्हता आणि दूरदेखभालीचे दार साऱ्या जगाला उघडे होते. पण जर्मनीत ज्या दारावर धडक बसली, तेच हे दार. या घटनेकडे समाजवाद्यांनी तर अधिकच प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. येथे खासगी नफेखोर कोणी नव्हता. सेवा सार्वजनिक मालकीची होती. तरीही ग्राहकाला ‘तुमचा पासवर्ड तुम्ही बदला’ असेच सांगण्यात आले. मालकी जनतेची झाली म्हणजे जबाबदारी आपोआप जनतेप्रती येते, हा समज किती तोकडा आहे हे त्या जुलैत दिसले.

फटका कोणाला बसतो? ताब्यात गेलेला राऊटर बंद पडतोच असे नाही. बहुधा तो नेहमीसारखाच चालतो. बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा व्यवहार सांकेतिक लिपीत असतो, म्हणून डबी फुटली की खाते रिकामे झाले असे समजून घाबरण्याचे कारण नाही. परंतु पत्त्यांची वही राऊटरपाशी असते. ती बदलली की विचारलेल्या ठिकाणाऐवजी हुबेहूब दिसणाऱ्या भलत्याच ठिकाणी माणूस नेला जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे ही डबी भाड्याने दिली जाते. तिसऱ्या देशातील ठग फसवणूक करतो ती या जोडणीआडून, आणि पोलिसांच्या कागदावर पत्ता येतो तो गावातल्या केंद्रचालकाचा. जोडणी त्याच्या नावाची असते. आपण काही केले नाही हे त्याने सिद्ध करायचे, आणि तेही ठाण्यात बसून. मोठ्या कंपनीपाशी तंत्रज्ञ असतात, वकील असतात. कमिशनवर पोट भरणाऱ्या केंद्रचालकापाशी यातले काय असते?

‘वापरणाऱ्यांनी जागरूक राहावे’ हे पालुपद म्हणूनच पुरेसे नाही. ट्रॅक्टरचा ब्रेक सदोष निघाला तर शेतकऱ्याने ब्रेकशास्त्र शिकावे असे कोणी म्हणत नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घालून उपकरणे विकण्यास बंदी केली आणि दुरुस्ती किती काळ मिळेल हे विक्रीच्या वेळीच सांगणे बंधनकारक केले. दंड जागतिक उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. युरोपीय संघाच्या कायद्यात सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे व त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. हे समाजवादी देशांचे कायदे नाहीत, भांडवलशाही देशांचे आहेत; तेथे जे मागता येते ते येथे मागणे म्हणजे क्रांती नव्हे. भारतात दूरसंचार खात्याच्या राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने वाय-फाय उपकरणांसाठी निकष तयार केले. सक्तीच्या तारखा मात्र पुढे ढकलल्या गेल्या. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याची सोय आहे. आज्ञावलीतील दोषासाठी ती वापरून पाहण्यास ग्राहक संघटनांना कोणाची आडकाठी नाही.

कारखानदाराच्या मर्जीवर अवलंबून न राहण्याची आणखी एक वाट आहे. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीला एका राऊटरची आज्ञावली परवान्याच्या अटीमुळे खुली करावी लागली. तिच्यातून पुढे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही स्वयंसेवकांची सामायिक आज्ञावली उभी राहिली, आणि कंपन्यांनी टाकून दिलेल्या अनेक डब्या ती आजही सुरक्षितपणे चालविते. दोष तिच्यातही निघतात. पण दुरुस्त करण्यासाठी कोणाच्या नफ्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक केंद्रचालकाने ती स्वतः बसवावी असे सुचविणे अवास्तव होईल. तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील वा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांना मात्र ते काम सहज जमावे.

तूर्त कार्यकर्त्यांच्या हातात दोन कामे आहेत. एक, आपल्या गावातील केंद्र, पतसंस्था, शाळा व ग्रामपंचायत येथे कोणता नमुना आहे, त्याची दुरुस्ती अजून निघते का, पासवर्ड कारखान्याचाच आहे का, बाहेरून व्यवस्थापन करण्याचे दार बंद आहे का, याची वहीत नोंद करणे. डबी बंद करून पुन्हा चालू केली की मिराईसारखी कीड स्मृतीतून पुसली जाते, पण दार उघडेच राहिले तर ती लवकरच परतते, हेही चालकांना सांगावे. दुसरे, ग्रामपंचायत वा पतसंस्था नवे उपकरण घेईल तेव्हा दरपत्रकात एक अट घालण्याचा ठराव मांडणे: दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ती तारीख पुरवठादाराने लिहून द्यावी, आणि त्यापूर्वी दोष निघून दुरुस्ती न मिळाल्यास उपकरण विनामूल्य बदलून द्यावे. सर्वांत कमी दराच्या निविदेत ही तारीख बहुधा कोरीच असते.