सहा बादल्यांची बाग

उन्हाळ्यात भाजीपाला लावणारा मनुष्य थोडासा विक्षिप्त असला पाहिजे, असे आमच्या आळीतील काही सज्जनांचे मत आहे. ते मत ते माझ्यादेखत बोलून दाखवीत नाहीत. परंतु मे महिन्यात पारा ४४ अंशांवर चढलेला असता, संध्याकाळी मांडवाखाली बादली घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे ते ज्या नजरेने पाहतात, तिचा अर्थ कळण्यास फारशा बुद्धीची गरज नाही. बाजारात दुधी मिळत नाही काय, असा तो प्रश्न असतो. मिळतो. दुर्ग जिल्ह्यात भाजीपाल्याचा तुटवडा नाही. येथले टोमॅटो तर गाड्या भरभरून परप्रांती जातात. शिवाय खत, बांबू, सुतळी आणि माझी कंबरदुखी यांचा हिशेब मांडला, तर माझा दुधी बाजारच्या दुधीहून महागच पडेल. तेव्हा काटकसर हे काही माझ्या बागेचे कारण नव्हे.

भिलाईतील नेहरू नगरात आम्ही भाड्याच्या घरात राहतो. घरामागे पंधरा फूट लांब नि दहा फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा आहे. आम्ही आलो तेव्हा त्यात मुरूम, विटांचे तुकडे आणि कोणा गवंड्याने सांडलेला सिमेंट यांखेरीज काही नव्हते. छत्तीसगढी शेतकऱ्यापाशी जमिनीसाठी नेमके शब्द आहेत: काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंमधली ती डोरसा, आणि मुरमाड, तांबडी, नापीक ती भाठा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एक वृद्ध बाई आहेत. इकडच्या रीतीप्रमाणे आम्ही सारे त्यांना दाई म्हणतो. त्यांनी तो तुकडा पायाच्या अंगठ्याने उकरून पाहिला आणि “भाठा” एवढाच निकाल दिला. त्यावर अपील नव्हते. दोन हिवाळे त्यात शेणखत, पालापाचोळा आणि धानाचा पेंढा मुरवला, तेव्हा कोठे तिसऱ्या वर्षी माती हातात घेतल्यावर मातीसारखी लागू लागली.

परसबागेला इकडे बारी म्हणतात. बारीतल्या भाज्यांची नावे ऐकताना माझ्यासारख्या मराठी माणसाला गंमत वाटते. दोडक्याला येथे डोडका म्हणतात, अंबाडीला अमारी. तोंडली मात्र कुंदरू होतात, आणि भोपळ्याला मखना हे नाव कोठून मिळाले असेल, याचा विचार करीत मी एक रविवार घालविला आहे. माझे आजोबा मध्यप्रांताच्या नोकरीत नागपूरहून दुर्गला आले. १९५६ साली प्रांताची वाटणी झाली, नागपूर एकीकडे गेले नि दुर्ग दुसरीकडे राहिले, आजोबाही राहिले. आमच्या घरची मराठी तेव्हापासून या भाज्यांच्या संगतीत वाढली आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात पैरा, बरबट्टी, नवतपा हे शब्द परके वाटत नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते पाण्याविषयी.

पहिल्या उन्हाळ्यात मी नळाला रबरी नळी जोडून बागेला पाणी देत असे. शिवनाथ नदीचे शुद्ध केलेले पाणी. ते मातीत मुरताना येणारा वास मला फार प्रिय होता. दिवसा कचेरीत माझ्या टेबलावर पाणीटंचाईचे अर्ज येत. टँकर वाढवून मिळावा, कूपनलिका दुरुस्त व्हावी, अशा मजकुराखाली अंगठ्यांचे ठसे असत. मी त्यांवर शेरे लिहीत असे आणि सायंकाळी घरी येऊन नळी सोडीत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. ते मी ध्यानात येऊ दिले नव्हते.

एके दिवशी दाई सकाळऐवजी संध्याकाळी उगवल्या. त्यांच्या वस्तीत टँकर उशिरा आला होता. मी बागेत होतो, नळी वाहत होती, वाफा तुडुंब भरून पाणी कडेच्या फरशीवर आले होते. दाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नळ बंद केला, आत गेल्या, तांदूळ धुतलेल्या पाण्याचे पातेले घेऊन आल्या आणि ते सावकाश दुधीच्या मुळाशी ओतले. मग पदराला हात पुसून भांडी घासायला बसल्या. वीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ ठपके मिळाले आहेत, त्यांपैकी एकही इतका मोजका नव्हता.

त्यानंतर नळी मी गुंडाळून माळ्यावर टाकली. घरातले तांदूळ, डाळी नि भाज्या धुतलेले पाणी, कपडे अखेरचे खळबळलेले पाणी, असे सारे जमविले असता दिवसाकाठी सहा बादल्या भरतात. आमची बाग सहा बादल्यांची आहे. मे महिन्यात मांडवभर पसरलेला दुधीचा एक वेल बादलीभर पाणी सहज पितो. म्हणून दुधीचे वेल दोन, दोडक्याचे दोन, कारल्याचा एक. उरलेल्या बादलीत भेंडीची एक ओळ आणि चेच या पालेभाजीचा लहानसा वाफा. बुंध्याशी पेंढ्याचा जाड थर, आणि वेलांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलेली दोन मातीची मडकी. त्यांतून पाणी रात्रभर पाझरत राहते. फेब्रुवारीत दुधीच्या बिया मी पाच लावतो, कारण सगळ्याच रुजतील अशी खात्री नसते. आणि पाचही रुजल्या की तीन रोपे उपटावी लागतात. अर्जावर नकार लिहिण्याची मला सवय आहे. चार पानांवर आलेले, निरोगी, काही अपराध नसलेले रोप उपटण्याची सवय अद्याप झालेली नाही.

या बागेचा खरा प्रहर संध्याकाळचा. उन्हाने दिवसभर मान टाकलेली पाने सहाच्या सुमारास हळूहळू उभी राहतात. दोडक्याची पिवळी फुले त्याच वेळी उमलतात. त्यांच्या मागून दुधीची पांढरी. ती फुले इतकी पातळ असतात की, बोट लागले तरी चुरगळतात. निसर्गाने त्यांची गाठ रात्री हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांशी घालून दिली आहे, परंतु आमच्या वस्तीत दिव्यांचा झगमगाट फार. पतंग वाट चुकतात की काय न कळे. मादीफुले गळून पडू लागली तेव्हा मी ते काम स्वतःकडे घेतले. नरफूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या मागे मुडपायच्या आणि इवलासा दुधी देठाशी घेऊन आलेल्या मादीफुलाला त्याचा परागदांडा हलकेच टेकवायचा. उष्णता वाढली की वेलाला नरफुले पुष्कळ आणि मादीफुले थोडी येतात, त्यामुळे नवतप्यात एखादी मादीकळी दिसली तर घरात वर्दी जाते. चार दिवसांनी ते बोटभर फळ फुगू लागले की लग्न जमवल्याचे समाधान मिळते.

भेंडीचे कौतुक वेगळे. जांभळ्या पोटाचे पिवळे फूल सकाळी उमलते नि दुसऱ्या दिवशी गळते. पुढे पाचसहा दिवसांत भेंडी खुडायची, नाहीतर तिची काठी होते. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा, पांढऱ्या माशीबरोबर येणारा रोग तिचा जुना वैरी. मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात पुसा सावनी आणि रानभेंडी यांच्या संकरातून ‘परभणी क्रांती’ हे वाण काढले, ते या रोगाला तोंड देण्यासाठी. ते बियाणे मी हौसेने मिळवून लावले आहे, याचे कारण शास्त्रीय थोडे आणि परभणी हे नाव अधिक.

बदलीच्या माणसाने आंबा लावू नये, असे माझे मत आहे. त्याचे फळ दुसराच खातो, याचे दुःख नाही. पण आपण ज्या झाडाखाली कधी बसणार नाही त्यावर जीव जडवून निघून जाणे कठीण. उन्हाळी भाजी मात्र आमच्यासारख्यांसाठीच आहे. माघात पेरावे, वैशाखात खावे, मृगाच्या सरी आल्या की मांडव उतरवावा. हे तत्त्वज्ञान मी दाईंना ऐकविले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मांडवाच्या टोकावरच्या एका दुधीला लाल चिंधी बांधली. तो खुडायचा नाही, तो बियांसाठी. निम्म्या बिया त्यांच्या बारीला, निम्म्या आमच्या, आम्ही जेथे असू तेथल्या.

यंदा बदलीची यादी निघणार अशी कुजबुज आहे. चिंधीचा दुधी देठाकडून पांढुरका होत चालला आहे. साल लाकडासारखी कडक झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या म्हणजे तो उतरवायचा. काल संध्याकाळी स्टुलावर चढून मी तो हलवून पाहिला. अजून आवाज येत नाही.