वजनाचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा

(व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या काळी एका बाजारपेठेतील शेर दुसऱ्या पेठेत चालत नसे आणि पायलीही गावोगाव बदलत असे. १९५६ साली वजने व मापे यांच्या मानकांचा कायदा झाला, १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली आणि किलोग्रॅम हे माप सर्वांचे झाले. माप दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे हिशेबही त्याच्याच हाती जातो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

अन्नाच्या बाबतीत काहीशी अशीच गोष्ट अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत घडली. वजन कमी करू इच्छिणारे लक्षावधी स्त्री-पुरुष तेथे वर्गणी भरून एका कंपनीच्या मापाने आपले जेवण मोजू लागले. त्यांपैकी अनेकांनी पुढे तो कार्यक्रम सोडला आणि उष्मांकांचा, म्हणजेच कॅलरींचा, हिशेब स्वतःच्या वहीत मांडण्यास प्रारंभ केला. या बदलात काय हाती येते, काय हातचे सुटते आणि सुटलेले कसे भरून काढावे, याचा विचार आपल्याकडेही उपयोगी ठरणारा आहे.

माप सरकारी, कार्यक्रम खाजगी

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. अन्नातून शरीराला किती उष्मांक मिळतात, याचा पद्धतशीर शोध अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतला. माणूस आत बसू शकेल अशी बंद खोली तयार करून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता त्यांनी मोजली. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक, हे आजही सर्वत्र वापरले जाणारे आकडे त्यांच्या कार्यातून आले. १८९६ साली अमेरिकेच्या शेती खात्याने त्यांची अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. १९१८ मध्ये डॉ. ल्युलू हंट पीटर्स यांनी सामान्य गृहिणींसाठी उष्मांकांचा हिशेब शिकविणारे पुस्तक लिहिले. पावाचा तुकडा न म्हणता इतक्या उष्मांकांचा पाव असे म्हणण्याची सवय लावून घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. सारांश, स्वतः मोजण्याची पद्धत व्यापारी कार्यक्रमांहून कितीतरी जुनी आहे.

व्यापारी कार्यक्रमांत सर्वाधिक नाव झालेल्या वेट वॉचर्स या संस्थेचा उगमही मोठा बोलका आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडेच या गृहिणीचे वजन १९६१ मध्ये सुमारे ९७ किलो होते. त्या शहराच्या आरोग्य खात्याने चालविलेल्या स्थूलता चिकित्सालयात गेल्या आणि तेथे त्यांना आहाराचा तक्ता मिळाला. तक्ता उत्तम होता, परंतु चोरून बिस्किटे खाण्याची सवय सुटेना आणि ती कबूल करण्याचे धैर्यही होईना. अखेर त्यांनी आपल्या काही मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे सारे सांगून टाकले. मैत्रिणींचीही कहाणी तीच निघाली. दर आठवड्याला भेटण्याचे ठरले, मंडळ वाढत गेले आणि १९६३ मध्ये त्याची कंपनी झाली. १९७८ साली हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली.

म्हणजे आहाराचा तक्ता सार्वजनिक आरोग्य खात्याचा होता. कंपनीने त्याला जोड दिली ती दर आठवड्याच्या बैठकीची, तेथे होणाऱ्या वजनाची आणि समदुःखी माणसांच्या सोबतीची.

गुणांची नाणी

१९९७ मध्ये या कार्यक्रमाने अमेरिकेत गुणांची पद्धत आणली. प्रत्येक पदार्थाला गुण देण्यात आले. स्थूलमानाने ५० उष्मांकांना एक गुण असे, स्निग्धांश अधिक असल्यास गुण वाढत आणि तंतुमय भाग असल्यास थोडे घटत. सभासदाने दिवसाकाठी ठराविक गुणांपुरतेच खावे, एवढाच नियम. ज्याला अपूर्णांकांचा कंटाळा त्याला ही पद्धत सोयीची वाटली, आणि तंतुमय अन्नाकडे लोकांचे लक्ष वळले हा लाभही नाकारता येणार नाही.

मात्र या सोयीला एक मर्यादा होती. गुणांचे सूत्र कंपनीचे होते आणि कंपनी ते वेळोवेळी बदलत असे. एका पद्धतीत फळांना गुण पडत, पुढच्या पद्धतीत बहुतेक फळे शून्य गुणांची झाली. सूत्र बदलले की पाठ झालेले आकडे निरुपयोगी ठरत. वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या सभासदाला गुण तोंडपाठ असत, परंतु चमचाभर तेलात किती उष्मांक असतात हे विचारले तर सांगता येत नसे. पेठेबाहेर न चालणाऱ्या नाण्यासारखेच हे ज्ञान होते. पुढे वजन घटविणारी नवी इंजेक्शने आली, व्यवसायाला उतरती कळा लागली आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेऊन कंपनीला आपल्या कर्जाची फेररचना करावी लागली.

दरम्यान स्वतः हिशेब ठेवणे पुष्कळ सोपे झाले होते. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार १९९४ पासून बंद पाकिटांवर पोषणमूल्यांचा एकसारखा तक्ता छापणे बंधनकारक झाले. शेती खात्याची कोष्टके संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाली. मोबाईलवर नोंद ठेवण्याची साधनेही निघाली. पण साधन फुकट असले तरी त्याचा मालक असतोच. अशाच एका लोकप्रिय साधनाच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती २०१८ मध्ये चोरीस गेली, आणि जी सोय पूर्वी विनामूल्य होती तिच्यासाठी नंतर पैसे मागण्यात आले. साधी वही हे साधन आजही सर्वात स्वस्त आणि खात्रीचे आहे.

जे सुटते ते

तरीही कार्यक्रम सोडला की काम फत्ते झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२३ स्थूल व्यक्तींचे दोन गट करण्यात आले होते. एक गट या व्यापारी कार्यक्रमाच्या बैठकांना गेला. दुसऱ्या गटाला आहारतज्ज्ञाच्या दोन भेटी आणि छापील माहिती देऊन स्वतःच्या प्रयत्नांवर सोपविण्यात आले. एका वर्षानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ४.३ किलोने, तर दुसऱ्याचे १.३ किलोने घटले होते. दोन वर्षांनंतर हे आकडे अनुक्रमे २.९ आणि ०.२ किलो असे होते. यावरून दोन गोष्टी दिसतात. घटलेले वजन दोन्हीकडे काही अंशी परत आले, आणि एकट्या पडलेल्या माणसाच्या पदरी जवळजवळ काहीच राहिले नाही.

दुसरी अडचण हिशेबाच्या खरेपणाची. कितीही कमी खाल्ले तरी वजन हटत नाही, अशी तक्रार असलेल्या व्यक्तींचा अभ्यास न्यूयॉर्कमध्ये करण्यात आला. १९९२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीराची गरज सर्वसाधारणच होती, मात्र त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्ष आहाराहून सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. यात लबाडी होती असे नव्हे. चव पाहताना तोंडात टाकलेला घास, मुलांच्या ताटात उरलेले अन्न, पाहुण्यांसोबत घेतलेला चहा यांची आठवण कोणालाच राहत नाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० व्यक्तींच्या अमेरिकन अभ्यासात सर्वजण दर आठवड्याला एकत्र जमत होते. त्यांपैकी ज्यांनी रोजच्या आहाराची नोंद ठेवली, त्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट घटले. वही आणि सोबत या दोहोंची गाठ पडली की काम होते, असा याचा अर्थ.

भारतीय स्वयंपाकघरातील हिशेब

आपल्या देशाजवळ हे सार्वजनिक माप फार पूर्वीपासून आहे. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतून डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. तीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे; त्या आकड्याला ४.१८४ ने भागले की उष्मांक मिळतात. परदेशातील मराठी कुटुंबांनाही ही कोष्टके उपयोगी पडतात, कारण भाकरी आणि आमटी यांचा हिशेब तेथील पाकिटांवर छापलेला नसतो.

रोजच्या स्वयंपाकाचा हिशेब अवघड नाही. स्वयंपाकापूर्वी जिन्नस वजन करून घ्यावेत आणि शिजल्यावर पातेल्यातील अन्नाचे वजन करावे. १०० ग्रॅम तूरडाळीचे सुमारे ३३५ उष्मांक, फोडणीच्या १५ ग्रॅम तेलाचे १३५ आणि १० ग्रॅम गुळाचे ३८, मिळून ५०८ होतात. आमटी ८०० ग्रॅम झाली, तर १५० ग्रॅमच्या वाटीत सुमारे ९५ उष्मांक येतात. तेल दुप्पट घातले तर तीच वाटी १२० वर जाते. वाटी, डाळ आणि गूळ तेच. फरक केवळ हात सैल सुटल्याचा आहे. शेंगदाण्यांचे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात, म्हणून भाजीवरचा दोन मोठे चमचे कूटही शंभरावर जातो. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चहाचे चमचे साखर घेतली, तर साखरेचेच १६० उष्मांक होतात. वहीत ही ओळ रोज दिसू लागली म्हणजे उपदेशाची गरज उरत नाही.

गरजेचा आकडाही माहीत हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे १,६६० उष्मांक लागतात. एक किलो मेद म्हणजे स्थूलमानाने ७,७०० उष्मांक. रोज ५०० उष्मांक कमी घेतले तर प्रारंभी आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर वजन घटते. पुढे शरीर हलके झाले की त्याची गरज कमी होते आणि घटीचा वेगही मंदावतो. येथेच अनेकजण निराश होऊन वही मिटतात. वस्तुतः तो शरीराचा स्वभाव आहे, अपयश नव्हे.

वहीत आणखी एका गोष्टीचे भान राहावे. उष्मांकांत बसते म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढणे हा समतोल आहार नव्हे. डाळी, भाज्या, दूध आणि फळे यांचे स्थान हिशेबात कायम राहिले पाहिजे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीच्या वयातील मुले आणि मधुमेहावर औषध घेणारे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आहार कमी करू नये. मोजण्याचा ध्यास लागून जेवणाचीच भीती वाटू लागली, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाणे योग्य.

गावात काय करता येईल

शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सभासद यांना हा हिशेब अपरिचित नाही. शाळेतील आहारात प्राथमिक वर्गांच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. अंगणवाडीत मुलांचे वजन नियमाने होते आणि त्याची नोंद राहते. मुलांसाठी जे रोज केले जाते, ते मोठ्यांनी स्वतःसाठी मात्र केलेले नसते.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. एकाच गल्लीत दोन्ही प्रश्न राहतात, आणि कित्येकदा एकाच घरात. व्यापारी कार्यक्रमाचे लक्ष फक्त पहिल्याकडे असते, कारण गिऱ्हाईक तेथे आहे. कोष्टक आणि वही यांना असा भेद नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या स्त्रीने आठवडाभर नोंद ठेवली, तर तिच्या ताटातील तूटही त्याच आकड्यांत दिसेल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. महिला मंडळाने किंवा बचत गटाने मासिक सभेत वजनकाटा ठेवावा, प्रत्येकाने आपली वही आणावी आणि चार ओळी एकमेकांना वाचून दाखवाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याने नोंदी पाहून सल्ला द्यावा. पोषण संस्थेच्या कोष्टकातील नेहमीच्या वीस-पंचवीस पदार्थांचा तक्ता शिक्षकांनी मराठीत करून भिंतीवर लावावा. गणिताच्या तासालाही तो उपयोगी पडेल. नायडेच यांच्या घरी १९६१ मध्ये मैत्रिणी जमल्या, तेव्हा त्यांनी एकमेकींकडून शुल्क घेतले नव्हते. सरकारी खात्याने दिलेला तक्ता आणि खरे सांगण्याची तयारी, एवढेच त्या दिवशी त्यांच्याजवळ होते.