ताट वेगळं का?



मला क्षयरोग झाला, तेव्हा घरात माझं ताट वेगळं निघालं. इतर बायकांना धीर देणारी मी, गप्प बसले.

क्षय हवेतून पसरतो, ताटातून नाही. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यायची. लागू पडली की दोनेक आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. हे सगळं मला पाठ होतं. एकटेपणावर मात्र गोळी नव्हती.

शेजारच्या आक्का भाकरी घेऊन यायच्या, पडवीत माझ्याजवळ बसून जेवायच्या. म्हणायच्या, "१९६७च्या भूकंपात कोयनानगर पडलं, तेव्हा उघड्यावर सगळी एका चुलीवर जेवलो. आता कसली वेगळी चूल?" पाऊस बघत आम्ही हसायचो. भूक परत आली.

तुमच्या वस्तीत कुणाचं ताट वेगळं असेल, तर तिच्याकडे जेवायला जा.