बॅटरी भरा तीन टप्प्यांत



रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं सौर झटका मशीन ऐन रात्री बंद पडलं, तर उभं पीक हातचं जातं. पुष्कळदा दोष मशीनचा नसतो, अर्धवट भरलेल्या बॅटरीचा असतो.

पाणी घालायची १२ व्होल्टची बॅटरी तीन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात पूर्ण जोरानं प्रवाह जातो. व्होल्टेज सुमारे १४.४ वर पोचतं, पण तेव्हा बॅटरी साधारण ८० टक्केच भरलेली असते. दुसऱ्या टप्प्यात व्होल्टेज तेवढंच राहतं नि प्रवाह हळूहळू उतरतो. उरलेली भरती इथं होते, तिला काही तास लागतात. तिसऱ्यात सुमारे १३.५ व्होल्टवर भरलेली बॅटरी नुसती राखायची.

दुसरा टप्पा रोजच अपुरा राहिला, तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि बॅटरी लवकर निकामी होते. म्हणून पॅनेलवर सावली पडू देऊ नका, धूळ पुसत जा. प्लेटा उघड्या पडू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटर मात्र चार्जिंग पुरं झाल्यावर घाला. आणि हो, भरताना पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको!