करमाफी कोणाच्या चुलीपर्यंत पोचली?

(लालबाग येथे कामकरी स्त्री-पुरुषांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आम्ही आज तुमच्यापुढे वेदान्त सांगावयास नव्हे, हिशेब सांगावयास उभे आहो. सरकारने कर माफ केला अशी दवंडी पिटली की गिरगावापासून दादरपर्यंत सर्वांसच बरे वाटते. पण माफी कोणास झाली, किती झाली, आणि ती आपल्या चुलीपर्यंत आली की वाटेतच जिरली, हे पाहिल्यावाचून टाळ्या पिटण्यात काय हशील?

प्रथम मोठी माफी पाहू. २०२५-२६ सालच्या हिशेबात, नव्या पद्धतीने, १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर इन्कमटॅक्स राहिला नाही. १२ लाखांवर कर निघतो ६०,००० रुपये आणि सूटही मिळते ६०,०००, पाटी कोरी. आदल्या साली याच माणसास ८०,००० रुपये कर व वर उपकर भरावा लागे. ती रक्कम त्याच्या घरात राहिली. राहो बापडी, आम्हांस कोणाचा हेवा नाही.

आता परळच्या चाळीतील एक घर डोळ्यांपुढे आणा. मुलगी इस्पितळात ठेकेदाराकडून कामास, पगार २२,०००. मुलगा कचेरीच्या दारावर पहारेकरी; पगार १८,०००. इन्कमटॅक्स माणशी मोजतात, घराचा एकत्र नव्हे. मुलीची वर्षाची कमाई २,६४,००० आणि मुलाची २,१६,०००. दोघांसही पूर्वी कर नव्हता, आताही नाही. मग या घरास त्या माफीतून काय मिळाले? शून्य. सूट करातून वजा होते. जेथे करच नाही तेथे वजा कशातून करणार? विहीर कोरडी असेल तर पोहरा कितीही मोठा सोडा, पाणी यावयाचे नाही. अमेरिकेत १९७५ साली निराळी तजवीज झाली. तेथे थोड्या कमाईच्या कष्टकऱ्यास कर लागत नसला, तरी सवलतीची रक्कम रोख हाती देतात. आमच्याकडील सूट तशी नाही, एवढे ध्यानात ठेवा.

त्याच १९७५ साली आमच्या महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा झाला. पगाराच्या चिठ्ठीवर ‘पी. टी.’ म्हणून जो आकडा असतो तोच हा कर. तो का बसला हे पुष्कळांस ठाऊक नाही. १९७२ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतील बायाबापड्या खडी फोडावयास गेल्या, त्यातून वि. स. पागे यांच्या विचाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी शहरातील पगारदारांवर हा कर आला. म्हणजे सातारा-सांगलीकडून येऊन गिरणीत साचा चालविणाऱ्या भावाच्या पगारातून गावच्या बहिणीच्या मजुरीस हातभार लागत असे. असा कर देताना आमचा हात आखडत नाही. मात्र ज्याच्या पोटालाच चिमटा बसतो, त्याच्याकडून किती घ्यावे यास काही माप हवे.

ते माप स्त्रियांपुरते १ एप्रिल २०२३ पासून बदलले. पूर्वी महिना १०,००० रुपयांच्या वर पगार गेला की बाईचाही कर कापला जाई. त्या दिवसापासून २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रीस हा कर माफ झाला. वर सांगितलेल्या मुलीचे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५०० रुपये वाचले. तिच्या भावास मात्र, पगार तिच्याहून कमी असूनही, पुरुष म्हणून ते २,५०० भरावे लागले. १२ लाखांच्या माफीने या घरास दिडकी दिली नाही. या लहानशा माफीने शाळेची पुस्तके आणि छत्री दिली. म्हणून भगिनींनो, चिठ्ठी मागून घ्या. पगार २५,००० च्या आत असून २०० कापलेले दिसले, तर का म्हणून विचारा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे आपल्या जात्यावर होऊ देऊ नका.

सुतार, रंगारी, मूर्तीचे कारखाने चालविणारे आमचे कारागीर बांधव यांची गोष्ट वेगळी. कंपनीचे काम ठेक्याने घेतले आणि वर्षाची रक्कम लाखावर गेली, की देणारा शंभरास एक रुपया कापून सरकारात भरतो. पॅन क्रमांक दिला नसेल तर शंभरास वीस. ३ लाखांच्या कामावर ३,००० गेले. खर्च वजा जाता कर निघत नसेल, तर ते पैसे तुमचेच आहेत. पण वर्षाचे विवरणपत्र भरल्यावाचून ते परत येत नाहीत. कागदाचा कंटाळा केला की घामाचा पैसा गेलाच म्हणून समजा.

आता शेवटची गोष्ट. ज्यास इन्कमटॅक्स नाही तोही कर देतोच; तो मालाच्या किमतीत दडलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचे तेल, दंतमंजनाची पेस्ट यांवरील जीएसटी शंभरास १८ वरून ५ वर आला. मुलांच्या वह्यांवरील १२ होता तो उठला. करावाचून ५०० रुपयांचा असा माल घेणाऱ्या घरास पूर्वी ५९० पडत, ते ५२५ पडावयास हवेत. महिना ६५, वर्षाचे ७८०. दुकानदाराने ते खाली उतरविले की नाही, हे वेष्टनावरील किंमत वाचणाऱ्यासच कळणार.

गिरणीतील कायम कामगारास महागाई भत्ता असे. भाव चढले की तोही थोडाफार चढे. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या कामगारांची मुलेबाळे ठेकेदाराच्या दारी उभी राहिली. आज त्यांच्या घरी २,५०० आणि ७८० या रकमा लहान नाहीत.

जोतिराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून करांचा बोजा कुणब्याच्या संसारावर कसा पडतो हे दाखविले. तीच नजर आपण आपल्या घरावर ठेवू या. पगाराच्या दिवशी घरातील शिकलेल्या मुलीस चिठ्ठी मोठ्याने वाचावयास सांगा. काय आले, काय कापले, कोणी कापले, हे सर्वांनी ऐका. आणि पुढच्या खेपेस कोणी मत मागावयास दारी आला आणि कर माफ केल्याचे सांगू लागला, तर त्यास एवढेच विचारा: बाबा रे, आमच्या घरात त्यातले किती आले?