लेकरू राहतं कुठं?

आजचा विषय घरातला आहे, म्हणून नावं घेणार नाही.

माझी मावसबहीण वर्षभरापासून पिंगळीला माहेरी होती. मुलगा चार वर्षांचा. नवरा आला, म्हणाला, 'जत्रेला नेतो, दोन दिवसांत आणून सोडतो.' दोन महिने झाले तरी सोडलं नाही. मावशीच्या घरी रोज बैठक. त्यात एक वाक्य ठरलेलं: 'पोरगं बापाचं असतं, कोर्टात काय होणार?'

मी पुण्याहून फोनवर कायदा वाचत बसलो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप पहिला नैसर्गिक पालक आहे, हे खरंच. पण त्याच कलमात पुढं लिहिलंय की पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. आणि कलम १३ म्हणतं, सगळ्यात आधी लेकराचं हित. बैठकीत हे अर्धं कलम कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं म्हणा.

मग पैशांचा प्रश्न. एका वकिलानं सांगितलेली फी ऐकून ताई गप्पच झाली. मी १५१०० ला फोन लावला, ही विधी सेवेची हेल्पलाइन. तिथून कळलं, परभणीला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला आणि लेकराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषाला मात्र बहुतेक वेळा उत्पन्नाची अट लागते. आधार कार्ड आणि साधा अर्ज घेऊन गेलो, वकीलबाई मिळाल्या.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'लेकरू राहतं कुठं?' मला वाटलं, पत्ता विचारतायत. तसं नव्हतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात अर्ज तिथंच करायचा, जिथं मूल सामान्यतः राहतं. समोरचे म्हणणार, आमच्या जिल्ह्यात राहतं. म्हणजे ताईला प्रत्येक तारखेला तिकडं पळावं लागणार! उचलून नेल्यानं राहणं बदलत नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. पण ते कागदावर दाखवायला पाहिजे.

मग आम्ही कागद शोधले. अंगणवाडीच्या हजेरीचा उतारा, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. मी सवयीनं एक्सेलमध्ये तारखांची यादी केली. मावशी म्हणाली, 'त्याच्या चपला पण घे.' चपला कोर्टात चालत नाहीत हे तिला सांगवलं नाही, पिशवीत टाकल्या.

कुणी म्हणालं, सरळ औरंगाबाद खंडपीठात हेबिअस कॉर्पस टाका. होतं तसंही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई वारल्यावर मावश्यांकडं असलेलं मूल सर्वोच्च न्यायालयानं अशाच याचिकेवरून बापाकडं दिलं. पण जिथं पुरावा तपासावा लागतो, तिथं जिल्हा न्यायालयच बरं, असं वकीलबाईंना वाटलं. आम्ही ऐकलं.

आत्ता एवढंच झालंय: अंतिम निकाल लागेपर्यंत दर रविवारी भेट. पहिल्या रविवारी लेकरू ताईकडं आलंच नाही, लांबूनच बघत राहिलं. दुसऱ्या रविवारी तिनं त्या चपला नेल्या. दोन महिन्यांत लहान झाल्या होत्या.

पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.