कर्करोगाचा वारसा



कर्करोगाविषयी कोठेही बोलावयास उभे राहिले की व्याख्यानानंतर एक प्रश्न हटकून येतो. 'हा रोग आमच्या घरात आहे. तो मुलाबाळांत उतरेल काय?' हा प्रश्न बहुधा चिठ्ठीवर लिहून येतो, आणि त्या चिठ्ठीखाली नाव नसते. आजचे माझे व्याख्यान त्या निनावी चिठ्ठीचे उत्तर आहे असे समजा.

प्रथम धीराची गोष्ट सांगतो. शंभर कर्करोगांपैकी सुमारे पाच ते दहाच रोग वारशाने आलेल्या दोषातून उद्भवतात. बाकीच्यांचे मूळ जन्मानंतरच्या घडामोडींत असते. परंतु या थोड्या रोगांनीच सर्व कर्करोगांचे एक रहस्य उलगडून दाखविले. ते कसे, हे पाहू.

लहान मुलांच्या डोळ्यांत, दृष्टिपटलावर, एक गाठ होते. तिला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. बाहुलीत पांढरी चमक दिसते. कित्येकदा ती प्रथम आढळते ती छायाचित्रात. काही मुलांना ही गाठ एकाच डोळ्यात होते, काहींना दोन्ही डोळ्यांत, आणि दोन्ही डोळ्यांचा रोग अधिक लहान वयात दिसतो. असे का व्हावे?

अमेरिकेत ह्यूस्टन येथे आल्फ्रेड नुडसन या वैद्याने अशा 48 रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि 1971 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याची साधने कोणती? रुग्णाचे वय, गाठींची संख्या आणि गणित! त्याने ताडले की, गाठ होण्यास पेशीवर दोन आघात व्हावे लागतात. दोन्ही डोळ्यांच्या रुग्णांत पहिला आघात जन्मतःच झालेला असतो. उरलेला एकच पुरतो.

सायकलचे उदाहरण घेऊ. तिला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर सायकल थांबते. दोन्ही तुटले की उतारावर स्वाराचे काय होते, ते सांगावयास नको. पेशीचेही तसेच आहे. पेशीने केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे यावर पहारा करणारी काही जनुके असतात. त्यांना आपण अर्बुदरोधक जनुके म्हणू. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. सामान्य मुलात एकाच पेशीतील दोन्ही प्रती बिघडणे हा विरळा योगायोग. परंतु ज्याला एक प्रत बिघडलेलीच मिळाली, त्याच्या प्रत्येक पेशीत एकच ब्रेक उरलेला असतो. दृष्टिपटल घडताना लक्षावधी पेशी विभागतात. त्यांतील एखादीचा दुसरा ब्रेक तुटणे फारसे अवघड नाही. म्हणून अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ जणांना गाठ होते.

तेराव्या गुणसूत्रावरचे हे जनुक 1986 साली हाती लागले आणि नुडसनचा तर्क खरा ठरला. पुढे इतर कुटुंबांचीही कोडी सुटली. ली आणि फ्रॉमेनी यांनी 1969 साली अशी घराणी वर्णिली होती, की ज्यांत तरुण वयातच निरनिराळे कर्करोग होत. त्यांच्यात पी-53 या पहारेकरी जनुकाचा दोष असल्याचे 1990 साली दिसून आले. स्तन व अंडाशय यांच्या आनुवंशिक कर्करोगाशी निगडित असे एक जनुक 1994 साली वेगळे करण्यात आले. आणि ज्यांना वारशाने काहीही मिळालेले नाही, त्यांच्या गाठींतही हीच जनुके पुष्कळदा बिघडलेली सापडतात.

आता या ज्ञानाचा उपयोग काय? पहिला असा, की दोषी प्रत असलेल्या आईचे वा वडिलांचे प्रत्येक अपत्य ती घेईलच असे नाही. तो संभव निम्मा असतो. रक्ताच्या तपासणीने घरातील दोष नेमका कळला, तर भावंडांपैकी कोणाच्या डोळ्यांवर जन्मापासून लक्ष ठेवावयाचे आणि कोणाला वारंवारच्या तपासणीतून मोकळे करावयाचे, हे ठरविता येते. गाठ लवकर सापडली तर प्राण वाचतो, आणि पुष्कळदा दृष्टीही. दुसरा उपयोग उपचारात होतो. ज्याच्या सर्व पेशींत एकच ब्रेक आहे, त्याला दिलेले किरणच पुढे दुसऱ्या कर्करोगास निमित्त होऊ शकतात. म्हणून अशा मुलांत ते शक्य तो टाळतात.

तिसरा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे मूल आजारी निघाले की बोट प्रथम सुनेकडे वळते. तिने ग्रहण पाळले नाही, तिच्या माहेरीच काही असेल! गृहस्थहो, हा दोष आईइतकाच बापाकडूनही येतो. आणि पुष्कळ मुलांत तो दोघांकडेही नसतो, बीजपेशीतच नव्याने उपजलेला असतो. ग्रहणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. यात कोणाचे पाप नाही, म्हणून लाजही नाही. लपविल्याने मात्र हानी निश्चित आहे. कारण आजोबांचा काढलेला डोळा सोयरिकीच्या भीतीने 'लहानपणी काठी लागली' असा सांगितला गेला, तर नातवाच्या डोळ्यांकडे वेळीच पाहणार कोण?

तेव्हा माझी विनंती एवढीच. घरातला आजार, तो कोणाला आणि कोणत्या वयात झाला, हे लिहून ठेवा. वैद्याला सांगा, मुलांनाही सांगा. आणि पुढच्या खेपेस चिठ्ठी पाठवाल, तेव्हा तिच्याखाली आपले नाव घालावयास संकोचू नका.